जावेला नाही, मग मलाच का?

मागच्या वेळी आपण गटातल्या अंतर्गत कर्जाचं व्याज कसं काढायचं ते शिकलो. आजही हिशेबच आहे, पण पैशांचा नाही. आज कॅन्सरचा हिशेब. घाबरू नका, रेडिओ बंद करू नका. भाकरी थापता थापता ऐका.

झालं असं, की यावल तालुक्यातल्या एका गटाच्या मासिक बैठकीला आम्ही गेलो होतो. वसुली झाली, सह्या-अंगठे झाले. मागे भिंतीला टेकून एक मावशी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, त्या बोलल्या. गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरचं त्यांचं ऑपरेशन झालेलं. म्हणाल्या, "मी न् माझी मोठी जाऊ एकाच घरात नांदलो. एकाच तव्यावर तंबाखू भाजली, एकाच डबीतून तीस वर्षं मिश्री लावली. तिला काही नाही झालं. मग मलाच का?" आणि उत्तरही त्यांनीच दिलं, "मन्हा नशीबमाच व्हतं, ताई."

सगळ्या गप्प. मग दुसऱ्या एकीनं कमरेची डबी काढून दाखवली. "म्हणजे मिश्रीनं काही होत नाही. ज्याला व्हायचं त्यालाच होतं." दोघी-तिघींनी माना हलवल्या.

आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. मिश्री वाईट असते, एवढं सांगून आम्ही उठलो. ते कुणाला पटलं नाही, आणि खरं म्हणजे ते मावशींच्या प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. पुढे शोधत गेलो तेव्हा कळलं की नेमका हाच प्रश्न आपल्या पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी गणितानं सोडवायचा प्रयत्न केला आहे. ते आज सांगायचं आहे.

आधी गणिती मॉडेल म्हणजे काय ते बघू. गटात कर्ज द्यायचं ठरलं की आपण वहीत मांडून बघतो. ही ताई महिन्याला इतकं फेडेल, व्याज इतकं, बारा महिन्यांनी बाकी इतकी. वर्षानं खरी बाकी वेगळीच निघाली, तर आपण म्हणतो, हिशेबात काहीतरी धरायचं राहून गेलं. बरोबर? मॉडेल म्हणजे हेच. शास्त्रज्ञ कागदावर मांडतात की शरीरात असं असं घडत असावं, त्यातून आकडे काढतात, आणि ते खऱ्या रुग्णांच्या आकड्यांशी ताडून बघतात. जुळलं तर मांडणी चालू ठेवायची, नाही तर खोडायची.

आता सगळ्यात सोपा हिशेब. आपलं शरीर कोट्यवधी पेशींचं आहे. पेशी म्हणजे अगदी बारीक जिवंत कण. एक पेशी दुभंगून दोन होतात, जुन्या मरतात, हे रोज चालू असतं आणि त्याला शिस्त असते. एखादी पेशी ती शिस्त सोडते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. दहा वेळा दुप्पट झाल्या की हजाराच्या वर. वीस वेळा झाल्या की दहा लाखांच्या वर, आणि तरीही गाठ टाचणीच्या डोक्याएवढीच. हाताला काहीच लागत नाही. तीस वेळा दुप्पट झाल्या की शंभर कोटींच्या वर, तेव्हा कुठे सेंटीमीटरभराची, वाटाण्याहून जरा मोठी गाठ होते. म्हणजे आपल्याला गाठ सापडते तेव्हा तिचा बराचसा प्रवास आपल्या नकळत झालेला असतो.

खरी गाठ काही इतकी सरळ वाढत नाही. त्यातल्या पेशी मरतातही, जागा आणि रक्तपुरवठा कमी पडायला लागतो, मग वाढ मंदावते. १९६४ साली ॲना केन लेअर्ड नावाच्या बाईंनी दाखवलं की गाठींची ही मंदावणारी वाढ गॉम्पर्ट्झच्या सूत्रात चांगली बसते. गंमत म्हणजे हा गॉम्पर्ट्झ होता विम्याचा हिशेब करणारा माणूस. कोणत्या वयात किती माणसं दगावतात हे मांडायला त्यानं १८२५ मध्ये ते सूत्र काढलं होतं. विम्याच्या वहीतलं गणित गाठीला लागू पडलं.

पण मावशींचा प्रश्न गाठ किती वाढली हा नव्हता. ती झालीच का, हा होता.

त्याचा पहिला मोठा हिशेब १९५४ सालचा. आर्मिटेज आणि डॉल या दोन इंग्रज संशोधकांनी तिकडच्या मृत्यूंच्या नोंदी काढल्या आणि वय वाढतं तसा कॅन्सर कसा वाढतो ते बघितलं. बऱ्याच कॅन्सरमध्ये वय दुप्पट झालं की धोका दुप्पट नाही, साधारण ६४ पट होत होता. दोनाला दोनानं गुणत सहा वेळा दोन मांडले की ६४ येतात. त्यावरून त्यांनी अनुमान काढलं की एका बदलानं कॅन्सर होत नसावा. पेशीत एकामागून एक सहा-सात बदल साचावे लागत असावेत. कुलपाला सात आकडे असतात आणि सगळे जुळल्याशिवाय ते उघडत नाही, तसं.

इथे जरा थांबू, कारण यात आपल्या कामाची गोष्ट आहे. पायऱ्या सात असतील तर मधल्या पायरीवर चोर पकडता येतो. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर याचं चांगलं उदाहरण. एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या लागणीपासून कॅन्सरपर्यंत बहुतेकदा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त जातात. २००५ मध्ये सू गोल्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह पाच देशांसाठी हे गणितात मांडलं. बाईची आयुष्यात एकदाच, पस्तिशीच्या सुमारास तपासणी झाली, तरी तिचा जन्मभराचा धोका पाव ते तिसऱ्या हिश्श्यानं कमी होईल, असं त्यांच्या हिशेबातून निघालं. आणि हे नुसतं कागदावर राहिलं नाही. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर बायांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. निकाल २००९ मध्ये आला. एकदा एचपीव्हीची तपासणी झालेल्या चौतीस हजार बायांमध्ये या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. ज्यांना नेहमीसारखंच ठेवलं होतं त्या साडेएकतीस हजार बायांमध्ये ६४. त्या बाया आपल्यासारख्याच होत्या, शेतात जाणाऱ्या, दवाखान्याला भिणाऱ्या.

आता परत मावशींकडे. बदल साचावे लागतात हे कळलं. पण एकीत साचले, दुसरीत नाही, हे कशावरून ठरतं?

२०१५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टोमासेटी आणि फोगेलस्टाईन यांनी एक हिशेब छापला. शरीराच्या ज्या भागात पेशी जन्मभरात जास्त वेळा दुभंगतात, तिथे कॅन्सर जास्त आढळतो, असं त्यांना ३१ प्रकारच्या कॅन्सरमध्ये दिसलं. दुभंगताना नकलेत चूक होते. चूक कुणाच्या पेशीत होईल हा योगायोग. झालं! जगभर मथळे झळकले की कॅन्सर म्हणजे दुर्दैव. त्या शास्त्रज्ञांनी एवढंच म्हटलं होतं की एका अवयवात कॅन्सर जास्त आणि दुसऱ्यात कमी का, यातला बराचसा फरक योगायोगाच्या चुकांशी जुळतो. या बाईला झाला आणि त्या बाईला नाही, याबद्दल ते बोललेच नव्हते. स्तनाचा कॅन्सर तर त्यात धरलेलाही नव्हता. पण 'नशीब' हा शब्द लोकांना इतका सोयीचा, की तोच चिकटला. आपल्या बैठकीत मावशींनी तोच उच्चारला होता.

यावर पुण्याच्या आयसर संस्थेतल्या मिलिंद वाटवे आणि बी. विभीषण यांनी काम केलं. २०२० मध्ये त्यांचा लेख आला. त्यांनी तीन वेगवेगळे हिशेब मांडले. पहिल्यात सगळं नशिबावर: बदल आपोआप साचत जातात, साचले की कॅन्सर. दुसऱ्यात असं धरलं की बिघडलेली पेशी कुठल्याही शरीरात शेजारच्या चांगल्या पेशींपेक्षा वरचढच ठरते आणि फोफावते. तिसऱ्यात असं, की बिघडलेली पेशी वरचढ ठरेल की नाही हे तिच्या भोवतालावर अवलंबून. एकीच्या शरीरात तिला वाढायला मोकळीक मिळते, दुसरीच्या शरीरात तीच पेशी मागे पडते.

कापसाच्या रानात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. तणाचं बी सगळ्यांच्याच शेतात उडून पडतं. ज्या रानात पीक दाट आणि जोमदार, तिथे तण दबून राहतं. जिथे पीक विरळ, जमीन उघडी, तिथे ते माजतं. बी किती पडलं यापेक्षा रान कसं होतं, यावर जास्त ठरतं.

वाटवे आणि विभीषण यांनी तिन्ही हिशेब खऱ्या आकड्यांशी ताडले. वयानुसार कॅन्सर कसा वाढतो, एकूण किती लोकांना होतो, कुठल्या अवयवात किती होतो. आता हे बघा. नुसतं नशीबच असतं, बदल नुसते साचतच गेले असते, तर वय जितकं जास्त तितका कॅन्सर वाढतच जायला हवा आणि पुरेसं जगलं तर सगळ्यांनाच व्हायला हवा. प्रत्यक्षात फार म्हातारपणी ही चढण मंदावते. आणि नव्वदी गाठलेल्या किती आजी आपल्या गावात कॅन्सरशिवाय आहेत! त्यांच्या पेशींत बदल झाले नसतील का? झालेच असणार. पण फोफावले नाहीत. तिसरा हिशेब धरल्याशिवाय हे आकडे जुळत नाहीत आणि तो धरला की जुळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार कॅन्सरला खरी अडचण बदल होण्याची नसते, ते तर होतच राहतात. अडचण असते त्या बिघडलेल्या पेशीला वाढू देणारं रान मिळण्याची.

म्हणजे मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. तुम्ही आणि जाऊबाई, दोघींनी एकाच डबीतली मिश्री लावली. तंबाखूनं दोघींच्याही गालात बिघाड केले असणार, कारण बिनधुराच्या तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. पण दोघींची रानं वेगळी. त्यामुळे जाऊबाईंना झालं नाही याचा अर्थ मिश्री निर्दोष आहे असा होत नाही. शेजाऱ्याच्या शेतात तण माजलं नाही म्हणून तणाचं बी पेरायला आपण बाजारातून आणत नाही. आणि तुम्हाला झालं ते मागच्या जन्मीचं पापही नाही, कुणाची नजर लागली म्हणूनही नाही.

रान नेमकं कशानं बदलतं? शरीराची ठेवण, जन्मतः मिळालेले गुण, आपलं वागणं, यांतलं बरंच काही त्यात येऊ शकतं असं ते दोघं म्हणतात, आणि ते शोधलं तर कॅन्सर टाळायचे नवे मार्ग मिळतील असंही. पण अमुक काढा प्या, तमुक खा, असं या गणितातून निघत नाही. कुणी या नावाखाली डब्या विकायला गावात आलं तर दारातूनच परत पाठवा.

या रानाच्या हिशेबाची दुसरी बाजू औषधाची. ती आपल्याला बोंडअळीनं आधीच शिकवून ठेवली आहे.

२००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये तिचं दुसरं वाण आलं. अळ्या मरायला लागल्या, फवारण्या वाचल्या. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटीचं वेगळं पाकीट यायचं, ते कडेनं लावायचं. किती जणांनी लावलं? आमच्याही घरी ते गोठ्याच्या फळीवर पडून असायचं. अळीच्या खायला कोण कपाशी लावणार, असं सगळ्यांचं म्हणणं. पण त्यामागे हिशेब होता. बीटी खाऊनही न मरणारी एखादी अळी असतेच. बाकी सगळ्या मेल्या तर पुढची पिढी तिचीच. कडेच्या साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगल्या, तर त्यांचे पतंग या चिवट पतंगांशी जोड्या जमवतात आणि चिवटपणा पातळ होत राहतो. आपण ती कड लावली नाही, वर मे महिन्यातली लागवड आणि फरदड यांमुळे गुलाबी बोंडअळीला वर्षभर जेवण मिळालं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर काय झालं ते आठवा. डोमकळ्या, किडकी बोंडं, कवडी झालेला कापूस.

गाठीतही असंच असतं. सगळ्या पेशी सारख्या नसतात. औषधानं मरणाऱ्या पुष्कळ, न मरणाऱ्या मोजक्या. अमेरिकेत फ्लोरिडातल्या मोफिट कॅन्सर सेंटरचे डॉक्टर रॉबर्ट गेटनबी यांनी हेच म्हटलं, की शेतकरी किडीचा बंदोबस्त जसा करतात त्यापासून आपण शिकायला हवं. गाठीतल्या पेशी पतंगांसारख्या जोड्या जमवत नाहीत, पण जागेसाठी आणि अन्नासाठी आपसांत भांडतात. साध्या पेशी थोड्या शिल्लक ठेवल्या तर त्याच चिवट पेशींना दाबून धरतात.

हे आम्ही गटात ताटात करून बघितलं, तुम्हीही करा. ताटात शंभर दाण्यांची जागा आहे असं धरा. ९८ ज्वारीचे दाणे, २ उडदाचे. ज्वारी औषधानं मरते, उडीद मरत नाही. नियम असा, की ताट निम्म्याहून रिकामं असेल तर दर फेरीला प्रत्येक दाण्यामागे एक नवा दाणा ठेवायचा. निम्मं किंवा जास्त भरलेलं असेल तर दाटी असते, म्हणून दोन दाण्यांमागे एकच. शंभर झाले की थांबायचं. आता पहिल्या खेळात सगळी ज्वारी उचला. उडीद होतात ४, ८, १६, ३२, ६४. पाच फेऱ्यांत ताट काळं. दुसऱ्या खेळात फक्त निम्मी ज्वारी उचला आणि ताट परत भरलं की पुन्हा निम्मी. उडीद होतात ३, ४, ६, ९, १३. पाच फेऱ्यांनंतरही ताट पांढरंच दिसतं. उडीद संपले नाहीत, पण वेळ मिळाला.

गेटनबींच्या लोकांनी हेच समीकरणांत मांडलं आणि मग पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या, शरीरात पसरलेल्या कॅन्सरवर करून बघितलं. रक्ताच्या तपासणीतला आकडा निम्म्यावर आला की औषध थांबवायचं, पुन्हा पहिल्याइतका चढला की सुरू करायचं. २०२२ च्या निकालात असे १७ रुग्ण होते आणि नेहमीच्या पद्धतीनं सतत औषध घेणारे १६. नेहमीच्या पद्धतीत कॅन्सर पुन्हा डोकं वर काढायला साधारण १४ महिने लागले, नव्या पद्धतीत साडेतेहतीस. रुग्ण जगले साधारण ३१ महिने विरुद्ध साडेअठ्ठावन्न. औषधही निम्म्याच्या आसपासच लागलं. अभ्यास अगदी लहान आहे, मोठे अजून व्हायचे आहेत.

आणि आता नीट ऐका, हातातलं काम बाजूला ठेवा. याचा अर्थ आपण आपल्या मनानं औषध बंद करायचं, असा मुळीच नाही. गाठ बसली, आता कशाला पैसे घालवायचे, कापसाचे पैसेही अडकलेत, म्हणून पुढचे डोस न घेतलेल्या दोघी आम्ही पाहिल्या आहेत. दोघींची गाठ परत आली. ज्या कॅन्सरमधून पूर्ण बरं होता येतं, तिथे एकूणएक दाणा उचलणं हाच हिशेब, ताटात उडीद दोनच आहेत तोवर. फ्लोरिडातला प्रयोग त्या रुग्णांचा होता ज्यांचा कॅन्सर पूर्ण काढणं शक्यच नव्हतं, आणि तिथे थांबायचं कधी, सुरू करायचं कधी, हे रक्ताचा आकडा बघून डॉक्टर ठरवत होते.

ताटाचा हा खेळ आम्ही मागच्या महिन्यात त्याच यावलच्या गटात केला. मावशींनीच उडीद मोजले. डबी दाखवणाऱ्या ताईही बसल्या होत्या. खेळ झाल्यावर त्यांनी विचारलं, "तोंडात पांढरा चट्टा असला तर ती कितवी पायरी?" आम्ही म्हटलं, मधली असू शकते, बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तीस वर्षांवरच्या बायांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट असते, त्यासाठीचा फॉर्म आशाताई भरून घेतात. त्या काहीच बोलल्या नाहीत. निघताना मात्र मावशींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, सोमवारी मी येते तुझ्यासोबत. जावेलाही घेऊ."

सोमवारी तिघी गेल्या.